अंगुस्तान, एक, आपल्या मापाचे

यादी गुरुवारी संध्याकाळी घरात आली आणि भाकरी थापून व्हायच्या आत खताळांच्या वस्तीवर तिच्यावरून दोन तट पडले.

चांगुणाला आठवीत जाऊन चार दिवस झाले होते. गावची शाळा सातवीला संपली. पुढचं शिरूरला, वडिलांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून पाऊण तासाची वाट. वडील ज्ञानदेव चौथी शिकलेले. चुलते मच्छिंद्र सहावीत दोनदा बसून शेवटी दौंडला रेल्वेत गँगमन झाले. आजोबा म्हाळूआबांनी उभा जन्म मेंढरांमागे काढला आणि सहीच्या जागी अंगठा उठवला. त्यामुळे चांगुणा कंदिलाजवळ बसून यादी वाचू लागली तेव्हा कोर्टाचा कागद वाचावा तशी सगळी गप्प झाली.

“गणिताची वही दोनशे पानी, चौकटीची. चौकट अर्ध्या सेंटिमीटरची. पाव इंचाची आणू नये.”

“बरं,” ज्ञानदेव म्हणाला.

“शास्त्राची वही शंभर पानी. एक पान रेघी, एक पान कोरं. दोन पानं रेघी आन् एक कोरं अशी बी येती, ती आणू नये.”

“का आणू नये?” तिच्या आईने, भामाने, चुलीपासून विचारलं.

“ते न्हाई सांगितलं.”

“पुढं वाच,” आबा म्हणाले.

“जगाचा नकाशा, कोरा. नद्यांचा. देशांचा आणू नये.” चांगुणाने श्वास घेतला. “अंगुस्तान, एक, आपल्या मापाचे.”

इथे वाचन थांबलं.

“काय म्हणालीस?”

“अंगुस्तान.”

“ह्ये कुठं आलं?” ज्ञानदेवने यादी हातात घेतली आणि कंदिलाच्या काचेला लावून पाहिली. अक्षर स्वच्छ होतं. बाईंनी फळ्यावर न लिहिता तोंडी सांगितलं होतं, भूगोलाचं सांगताना मध्येच घंटा झाली, एक बाई गेल्या, दुसऱ्या आल्या आणि त्यांनी आल्या आल्या पुढचं सांगायला सुरुवात केली. कोणती ओळ कोणत्या बाईंची, ते चांगुणाला आता आठवत नव्हतं. विचारायला हात वर केला होता. पण बाई म्हणाल्या, कान उघडे ठेवून ऐकावं.

“नकाशाच्या खाली हाय, म्हंजी नकाशाच असणार,” ज्ञानदेवने निकाल दिला. “हिंदुस्तान, पाकिस्तान, तसं अंगुस्तान.”

“असा देश न्हाई, आण्णा. सातवीच्या पुस्तकात न्हवता.”

“सातवीच्या पुस्तकात बांगलादेश तरी कुठं व्हता? झालाच की तीन वर्सांमागं. तसा ह्यो बी झाला असंल.”

“देशांचा नको म्हणल्यात ना पर?” भामा म्हणाली.

“समद्या देशांचा नको म्हणून तर एकाचाच सांगितलाय.”

आबा बराच वेळ दाढी खाजवत होते. “मी मेंढरं घिऊन खाली बालाघाटापत्तर गेलोय,” ते म्हणाले, “आन् तिकडं कोकणात उतरलोय. अंगुस्तान वाटंत लागलं न्हाई.”

“राहिलंय का अजून?” हा प्रश्न तानुबाईचा. ज्ञानदेवची थोरली बहीण, कासुर्डीला दिलेली, परवापासून माहेरी आली होती. ती रिकामी आली नव्हती, स्थळ घेऊन आली होती. तिच्या दिराचा मुलगा जयसिंग, विहिरीवर इंजिन, नववीपर्यंत शिकलेला. चांगुणा तेरा वर्षांची. आत्याचं म्हणणं ज्ञानदेवने ऐकून घेतलं होतं आणि हो की नाही ते सांगितलं नव्हतं.

“एक राहिलंय,” चांगुणा म्हणाली. “दोसुतीचं कापड पाऊण मीटर, मोतिया. पांढरी आणू नये. बदामी आणू नये. आन् ह्यातलं एक बी कमी असलं तर सोमवारी वर्गात बसायचं न्हाई. घरी परत.”

“घ्या,” तानुबाई म्हणाली. “म्हंजी शिकवायचं मास्तरणीनं आन् पळायचं आपण. मी म्हणते, सोमवारी परत येणारच हाय तर मंग आजच का बसू नये घरी? निदान चपला तरी झिजायच्या न्हाईत.”

“आणू की समदं,” भामा म्हणाली. तिचा आवाज जरा चढला. “बाजार काय ओस पडलाय?”

ज्ञानदेव दोघींच्या मध्ये बसला होता आणि यादीची घडी घालत होता, उलगडत होता. बहिणीला दुखवायचं नव्हतं, बायकोलाही नाही. पेरणी तोंडावर होती, आणि रोज दोन वेळा शिरूरची सायकल मारून गुडघे बोलायला लागले होते, ते वेगळंच. शेवटी तो मुलीकडे बघून म्हणाला, “ह्ये बघ. समदं आणू. जिथं मिळंल तिथनं आणू. पर सोमवारी त्यांनी तुला परत पाठवलं तर मंग पुढचं आत्या म्हणंल तसं.”

चांगुणाने मान हलवली. तिला वाटलं, यात काही कठीण नाही. यादी आपणच लिहिलेली आहे.

*

यादीच्या सामानासाठी आठवीला सोमवारपर्यंत सुट्टी होती. शुक्रवारी ज्ञानदेव औताला गेला आणि शिरूरला निघाले ते आबा, भामा, चांगुणा आणि तानुबाई. आत्याला कोणी चल म्हटलं नव्हतं. पण यादी कशी पुरी होत नाही ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

गणिताची वही तिसऱ्या दुकानात मिळाली. चौकट अर्ध्या सेंटिमीटरची आहे की नाही, ते चांगुणाने पट्टी लावून दोन पानं मोजून घेतलं. नद्यांचा नकाशा मिळाला. उरलेल्या यादीसाठी सगळ्यांनी हौशीराम बुकडेपोवाल्याचं नाव सांगितलं.

हौशीरामची पंचक्रोशीत एक ख्याती होती. कुठल्याही वस्तूला त्याने आजवर ‘माहीत नाही’ असं म्हटलं नव्हतं.

“एक पान रेघी, एक कोरं,” तो म्हणाला. “कागदाची टंचाई हाय. न्हाई येत सध्या. पुढं?”

“अंगुस्तान,” आबा म्हणाले.

हौशीरामचा हात गल्ल्यावर जागीच थांबला. चांगुणा त्याच्याकडे बघत होती. तिला त्याच्या चेहऱ्यावर फळ्यापुढं उभ्या केलेल्या मुलीसारखं काहीतरी दिसलं, पण ते लगेच गेलं.

“अंगुस्तान. मोठं की लहान?”

“आपल्या मापाचं,” चांगुणा म्हणाली.

“तेच संपलं बघा. कालच शेवटचं गेलं. अभ्यासक्रम बदललाय ना, समदी त्याच्याच मागं हायत.”

“म्हंजी हाय तर असा देश,” आबा म्हणाले.

“हाय म्हंजी काय? दौंडला बघा. रेल्वेचं गाव हाय, तिकडं मुंबईचा माल आधी उतरतो.”

आबांना एवढं बरं वाटलं की त्यांनी तिथून एक पेन्सिल घेतली. भामा मात्र दौंडचं नाव ऐकून दुकानाच्या पायरीवरच बसली.

दौंडला तिची धाकटी जाऊ राहत होती. मच्छिंद्रची बायको, मालन. चैत्रातल्या जत्रेला मालन वस्तीवर आली होती आणि चार बायकांत म्हणाली होती, “आक्का, चांगुणाला माझ्याकडं दौंडला ठेवा. घरापासून शाळा चार पावलांवर हाय.” मालनला मूल नव्हतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. आणि भामा त्याच चार बायकांत म्हणाली होती, “स्वतःचं न्हाई म्हणून माझ्यातलं उचलायचं व्हय?” मालनने पिशवी भरली आणि दुपारच्या गाडीने गेली. त्यानंतर निरोप नाही की चिठ्ठी नाही. भामाला ते वाक्य भाकरी करताना आठवायचं, खुरपताना आठवायचं, आणि दरवेळी ती मनात म्हणायची की आधी तिनेच बोलायला नको होतं.

“चला, दोसुती तरी बघू,” तानुबाई म्हणाली. ती खुशीत होती.

कापडवाल्याने दोसुतीचा तागा उलगडला. “ही घ्या मोतिया.”

आबांनी कापड बोटांत धरलं, उन्हाला नेलं, परत आणलं. “ही पांढरी हाय.”

“मोतियाच आहे, आजोबा.”

“पांढरी हाय. धुतल्याली पांढरी.”

दुकानदाराने दुसरा तागा काढला. आबांनी तोही दारात नेला. “ही बदामी. बदामी आणू नये म्हणून लिव्हलंय. वाच गं.”

चांगुणाने वाचून दाखवलं.

“मग तुमच्या मते मोतिया म्हणजे कोणता?” दुकानदार म्हणाला.

आबांनी विचार केला. पांढऱ्या रंगाबद्दल त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी नीट विचारत होतं. “मेंढी व्याली का कोकराला चाटती,” ते म्हणाले. “चाटून झाल्यावर ते वाळायच्या आत, उन्हात धरलं म्हंजी जसं दिसतं, ते. पुढं दोन दिसांनी ते पांढरं होतं. आपल्याला दोन दिसांच्या आधीचं पायजे.”

दुकानदाराने तागा गुंडाळला. “अहो, मेंढरांमागं जायचं सोडून दोसुतीच्या मागं कुठं लागलात तुम्ही? पोरीला घोंगडीचं कापड द्या शिवायला.”

शेजारी बसलेली दोन गिऱ्हाइकं हसली. आबांनी बोटांत धरलेला कापडाचा काठ अलगद सोडला. भामा चांगुणाचा हात धरून दाराकडे वळली.

तानुबाई मात्र हलली नाही. तिने डोक्यावरचा पदर नीट केला. “त्यांना मोतिया कळली,” ती सावकाश म्हणाली, “तुम्हाला तुमच्या दुकानातली कळंना. घोंगडीला कापड न्हाई लागत. लोकर लागती. पोरगी आठवीत हाय, तिला विचारा, ती सांगंल.”

बाहेर आल्यावर ती सगळ्यांच्या पुढे चालत राहिली. स्टँडवर आल्यावर एवढंच म्हणाली, “आता मोतियाच घ्यायची. दुसरी न्हाई.”

*

शनिवारी सकाळच्या एस्टीत तानुबाईला चौफुल्यापर्यंतची जागा मिळाली. तिथं उतरून तिला कासुर्डीची गाडी धरायची होती. घरात काम पडलं होतं, जयसिंगचा बाप उत्तराची वाट बघत होता. आणि उत्तर सोपं होतं. यादी अर्धी राहिली होती, सोमवारी मुलगी परत येणार होती.

समोरच्या बाकावर चांगुणा आबांना नद्यांचा नकाशा दाखवत होती. “ही नाईल. ही ॲमेझॉन.”

“भीमा कुठं हाय?”

“ती इथं न्हाई मावली, आबा.”

आबांनी नकाशावर बोट फिरवलं. “मंग बाईस्नी म्हणावं मोठा नकाशा सांगायचा व्हता.”

तानुबाईचं लग्न अकराव्या वर्षी झालं. कासुर्डीला गेली तेव्हा सासूने तिला भाऊ किती, बहिणी किती एवढं विचारलं होतं. काय येतं ते विचारलं नव्हतं, कारण सगळ्या पोरींना सारखंच येत होतं. काल दुकानात मात्र आपण पोरगी आठवीत हाय म्हणून सांगितलं, आणि सांगताना छाती भरून आली, याचं तिला अजून नवल वाटत होतं.

“चौफुला,” कंडक्टर ओरडला. “कासुर्डीच्या बाई, उतरा.”

“दौंड किती ऱ्हायलं?” तानुबाईने विचारलं.

“तुमचं तिकीट चौफुल्याचं आहे.”

“मंग पुढचं द्या की. अंगुस्तान आणाया चाललोय, आधनं कुठं उतरू?”

कंडक्टरने तिकीट फाडून दिलं. कशाला ते त्याने विचारलं नाही.

*

मालन रेल्वेच्या क्वार्टरच्या दारात गार्डाच्या घरचा पडदा शिवत बसली होती. मच्छिंद्र लाइनवर गेला की दुपारपर्यंत हेच. चाळीतल्या ख्रिश्चन बाईकडून ती भरतकाम शिकली होती, आता तिच्याकडे पडदे, उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ यायचे. यार्डात इंजिन शंटिंग करत होतं आणि दोरीवरच्या कपड्यांवर काजळी बसत होती.

आधी आबा दिसले. ती उठली, पदर घेतला, पाया पडली. मग वन्सं. मग चांगुणा. आणि सगळ्यात मागे, नळाजवळच थांबलेली भामा.

मालनने सगळ्यांना पाणी दिलं. भामाचा तांब्या तिने चांगुणाच्या हाती पाठवला.

“तुझ्या आईला म्हणावं, आत बस,” मालन म्हणाली.

“तुझ्या काकीला म्हणावं, बरी हाय इथं,” भामा ओट्यावर टेकत म्हणाली.

“दोघी एकाच दारात हाय,” तानुबाई म्हणाली, “पोरीला कशाला पळवता?”

चहा झाला. मग आबांनी येण्याचं कारण सांगायला घेतलं. वही, दोसुती आणि तो नवा देश. बुकडेपोवाल्याने काय सांगितलं, अभ्यासक्रम कसा बदललाय, मोठ्या मापाचं मिळतं पण आपल्या मापाचं संपलंय, कमी पडलं तर सोमवारी पोरगी घरी कशी येणार, सगळं. “मच्छिंद्र रेल्वेत हाय,” ते म्हणाले. “त्याला म्हणावं, साहेबाला इचार, अंगुस्तानला गाडी जाती का. जात असंल तर नकाशा बी असणार.”

मालन ऐकत होती. ऐकताना तिने कपाळावरची बट मागे सारली आणि तिच्या मधल्या बोटावरची लोखंडी टोपी उन्हात चमकली. तिच्या तोंडावर हसू यायला लागलं होतं. आणि त्याच वेळी तिच्या मनात आलं की आपण आता काहीच बोललो नाही तर चालेल. बाजार दाखवायचा, चार दुकानं फिरवायची, मिळालं नाही म्हणून हळहळायचं. सोमवारी मुलगी परत येईल. जी चार बायकांत बोलली होती, तिच्या घरात.

चांगुणा यादी पुढे धरून उभी होती. यादीच्या घड्या पडून पडून ‘आपल्या मापाचे’ यातला ‘मा’ पुसट झाला होता.

मालनने बोटावरची टोपी काढली आणि यादीवर ठेवली.

“ह्ये अंगुस्तान,” ती म्हणाली. “सुई बोटात घुसू नये म्हणून घालत्यात. शिवणाच्या बाईंचं असणार. दोसुतीच्या वरच लिव्हलंय की.”

आबांनी टोपी उचलली, आतून बघितली, बाहेरून बघितली. “ह्यो देश?”

पहिल्यांदा भामा हसली. तिला आवरेना. पदर तोंडात धरला तरी खांदे हलत राहिले, मग तानुबाई, मग चांगुणा, आणि आबा स्वतः हसता हसता म्हणाले की एवढ्याशा देशाला हौशीराम मोठं की लहान विचारत होता. हसता हसता भामाने वर पाहिलं तर मालन तिच्याकडेच बघून हसत होती. भामाचं हसू थांबलं. तिने डोळे पुसले आणि ती ओट्यावरून उठून आत येऊन बसली.

बाजारात अंगुस्तानं मिळाली, पण सगळी शिंप्यांच्या मापाची. चांगुणाच्या बोटात ती घंटेसारखी वाजत होती. तानुबाईच्या बोटात त्यातलं एक असं घट्ट बसलं की तिने ते काढलंच नाही. विकत घेतलं. “तुम्ही कुठं शिवताय, वन्सं?” भामाने विचारलं. “न्हाई शिवत,” तानुबाई म्हणाली आणि बोट पुढे धरून चालू लागली. दोसुती रेल्वेच्या बायकांच्या नेहमीच्या एका दुकानात मिळाली. आबांनी ती तीनदा उन्हात नेली आणि तिसऱ्यांदा मान हलवली.

वही मात्र दौंडातही नव्हती. मालनने एक सगळी रेघी आणि एक सगळी कोरी अशा दोन वह्या घेतल्या.

“ह्या कशाला?” भामाने विचारलं. थेट विचारलं, चांगुणाला मध्ये न घालता.

“उसवू. पानं आड-आड लावू. पर माझी सुई बारीक हाय, पुठ्ठ्यातनं जाणार न्हाई.”

“दाभण हाय?”

“सतरंजी शिवायचं हाय एक.”

“मंग दे इकडं.”

दुपारभर दोघी जमिनीवर बसल्या होत्या. मालन पानं लावायची, एक रेघी, एक कोरं, आणि मोठ्याने म्हणायची. भामा गोधडीच्या टाक्याने पाठ शिवत होती, दाभण पुठ्ठ्यातून निघताना दातांवर दात धरत होती. मध्येच दोन रेघी पानं एकाखाली एक आली, ती तिने पाहिली आणि न बोलता मालनच्या हातात परत दिली. शिवण इतकी मजबूत झाली की वही उघडली की आपोआप मिटायची.

निघताना मालनने पेटीतून एक लहान अंगुस्तान काढलं. ती लग्नाआधी माहेरी साधं शिवण शिकत होती तेव्हाचं. चांगुणाच्या बोटात ते बसलं.

“टाका कोण शिकवणार हिला?” भामा म्हणाली. ती दारात उभी होती आणि चपलेत पाय नीट बसत नसल्यासारखी खाली बघत होती. “मला भरतकाम कुठं येतंय. दर रविवारी हिला इकडं पाठवलं तर तुझ्या कामाचा खोळंबा होईल का?”

मालनने पडद्याची घडी उचलली आणि दुसरीकडे ठेवली. “न्हाई व्हायचा,” ती म्हणाली. “तुम्ही बी या, आक्का. वही शिवायला माणूस लागतंच.”

*

सोमवारी ज्ञानदेव मुलीला सोडून परत फिरला नाही. पेरणीची पाभर शेताच्या बांधावर पडली होती, तरी तो शाळेच्या फाटकाशी सायकल टेकवून उभा राहिला. आपण काय बोलून बसलो होतो ते त्याला माहीत होतं, आणि तीन दिवस घरातली सगळी माणसं त्या बोलण्यामागे धावत होती तेही. तानुबाई जाताना म्हणाली होती, “जयसिंगच्या बापाला मी सांगते सबुरीनं घ्या म्हणून.” बोलताना बोटातलं अंगुस्तान दाखवत होती.

घंटा झाली. अर्ध्या तासाने आठवीच्या वर्गातून मुली बाहेर यायला लागल्या. दोन, पाच, मग रांगच. कोणाची वही पाव इंचाची होती. कोणाची दोसुती बदामी होती. कोरेगाव भीमाहून येणाऱ्या एका मुलीच्या वडिलांनी पुण्याला माणूस पाठवून अफगाणिस्तानचा मोठा रंगीत नकाशा आणला होता, आणि ती तो गुंडाळून रडत होती. एकीने अंगवस्त्र आणलं होतं, जरीकाठाचं.

ज्ञानदेव मोजत नव्हता, फक्त एक चेहरा शोधत होता. तो चेहरा त्यांत नव्हता. त्याला हलकं वाटायला लागलं. मग शेवटी, सगळ्या मुली बाहेर आल्यावर, दप्तर घेऊन चांगुणा आली.

ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. “परत पाठवलं,” ती म्हणाली.

“काय कमी व्हतं?”

“काईच न्हाई. बाईंनी समदं तपासलं. दोसुती उन्हात नेऊन बघितली. मंग म्हणाल्या, वर्गात एकटी तू उरलीस. एकीला काय शिकवू? जा, बाकीच्यांबरोबर तू बी गुरुवारी ये.”

शाळा लवकर सुटली असं तिने खोटं सांगितलं असतं तर त्याला कळलं नसतं, हे ज्ञानदेवच्या लक्षात आलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं. पण तेवढ्यात त्या अफगाणिस्तानवाल्या मुलीने चांगुणाची बाही ओढली. “तुझं बघू. हेच का ते? कुठं मिळतं?” तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे आणखी पाच-सहा. वर्गाच्या दारातून बाईंनी हाक मारली, “खताळ, तूच सांग गं सगळ्यांना. मला एकेकीला समजावत बसायला वेळ नाही.”

चांगुणा वडिलांकडे बघत राहिली.

ज्ञानदेवने सायकल फाटकापासून काढली, लिंबाखाली नेली आणि स्टँडवर लावली. “सांग,” तो म्हणाला. “मी बसतो.”

ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली. मुलींनी तिला गराडा घातला. ती बोटात टोपी घालून दाखवत होती, दोसुती उलगडत होती, दोन वह्या उसवून एक कशी करायची ते पानं उलटून सांगत होती. एकदा समजलं नाही तर पुन्हा सांगत होती. “आणि मोतिया कशी ओळखायची?” कोणीतरी विचारलं. चांगुणा क्षणभर थांबली आणि मग कोकराचं सांगू लागली. एरवी कोणी बोलल्यावर मान खाली घालणारी मुलगी चाळीस जणींत बसून बोलत होती आणि शहरातल्या मुली वह्यांत लिहून घेत होत्या.

ऊन माथ्यावर आलं. एक फेरीवाला येऊन गेला. ज्ञानदेवने दोनदा सायकलची साखळी तपासली. पाभरीचं त्याला आठवलं, पण उठला नाही.

शेवटची मुलगी गेल्यावर चांगुणाने दप्तर आवरलं आणि कॅरिअरवर येऊन बसली. शिरूर मागे पडलं, नदीवरचा वारा लागला. चढ आला तसा ज्ञानदेव उतरून सायकल ढकलू लागला. ती उतरायला लागली तर म्हणाला, “बस.”

“आण्णा,” थोड्या वेळाने तिने विचारलं, “गुरुवारचं काय?”

ज्ञानदेवला दम लागला होता. चढ संपेपर्यंत तो सायकल ढकलत राहिला. वर आल्यावर त्याने पायडलवर पाय ठेवला.

“गुरुवारी जरा लवकर निघू,” तो म्हणाला. “आज घंटेला उशीर होता होता वाचलो.”